तोंडाचं फॅट लागत नाही

भिकुबाईची सुनेबद्दल तक्रार एकच होती, पण ती रोज नव्यानं सांगावी लागायची. पोरीचा कुणाच्या शब्दावर भरवसा म्हणून नाही. दिपाली वैशाखात लग्न होऊन रनाळ्याला आली आणि श्रावण लागायच्या आत तिनं घरातल्या एकूण एक वस्तूची उलटतपासणी घेऊन टाकली. गॅसवाल्यानं नळी नवी आहे म्हणून सांगितलं, तर हिनं तिला साबणाचा फेस फासून फुगे येतात का पाहिलं. दुकानातून साखरेचं पोतं आलं, हिनं ते उचलून दुधाच्या काट्यावर ठेवलं आणि चार माणसांत सांगितलं की दीड किलो कमी आहे. दुकानदार नात्यातला. लाजला तो, पण अर्धी लाज भिकुबाईच्या वाट्याला आली. न्हाणीतल्या बादलीत हीटर असो नसो, हात घालण्याआधी ही बाई आधी बटणाकडे जाऊन येणार.

खांडबाऱ्याचं माहेर. नंदुरबारला आयटीआय केलेलं, तेही शिवणकाम नाही, इलेक्ट्रिशियन. मग दोन वर्षं कुठल्याशा कारखान्यात मीटर गळ्यात घालून फिरायची नोकरी. हेमकांतला बायको पाहायला पाठवलं होतं, तो वायरमन घेऊन आला, असं भिकुबाई गल्लीत हसत हसत सांगायची. हसू वरचं होतं, आत काटा होता.

तो काटा खरा खुपला भादव्यात. सकाळचं दूध घेऊन झालं होतं, बाया किटल्या विसळत होत्या, आणि दिपाली कूलरच्या खोलीतल्या विजेच्या पाटीपुढे हात मागे बांधून उभी होती. तिथं भिला वायरमननं बसवलेला एक छोटा डबा होता, बोटभर जाडीचा, आणि त्याच्यावर नखाएवढी हिरवी खिडकी. दिपाली त्या खिडकीकडे बघून म्हणाली की आत्याबाई, हिरवं आहे म्हणजे डबा जिवंत आहे, पण काम करतोय असं नाही. गोठ्यात उभा बैलसुद्धा जिवंतच असतो.

बाया हसल्या. भिकुबाईला वाटलं, आपल्यालाच हसल्या.

ही दूध डेअरी भिकुबाईच्या ओसरीवर चालत होती त्याला बारा वर्षं झाली. शाळा तिसरीपर्यंत, पण लिटर आणि फॅट यांचे आकडे तिला डोळे मिटून वाचता यायचे. गावातल्या बेचाळीस घरांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे यायचं. ज्यांच्याकडे दोन म्हशी आहेत तेही यायचे आणि ज्यांच्याकडे एकच गाय आहे तेही. प्रत्येकाच्या किटलीतून ती नमुना घ्यायची, पाणी घातलंय का ते कळायला डिग्री लावायची, मशीनमध्ये फॅट बघायची, आणि आकडा मोठ्यानं वाचायची. कुणी म्हणालं, भिकूमाय, आज सरकी जास्त चारली, फॅट चांगलं असणार, तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "तोंडनं फॅट लागत नही." मशीन बोलेल ते खरं. सख्ख्या भावाच्या दुधाची डिग्री एकदा कमी आली, तर तिनं त्याची किटली त्याच्याच हातात परत ठेवली. त्या साली भाऊबीजेला ताटात ओवाळणी पडली, शब्द एकही पडला नाही. पण त्या दिवसापासून रनाळ्यात भिकुबाईच्या आकड्यावर कुणी हरकत घेतली नाही.

पाच वर्षांमागे दूध कंपनीनं पाचशे लिटरचा कूलर दिला. तेव्हा भिकुबाईचे मालक, दोधू पाटील, होते. त्यांचा जुना दोस्त भिला वायरमन. दोघांनी मिळून खोलीत सगळी वायरिंग केली, अंगणात कूलरच्या भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा खोदला, कोळसा-मीठ भरलं, आणि पाटीवर तो हिरव्या खिडकीचा डबा चढवला. वीज कडाडली की लाईनीतून जो झटका येतो तो हा डबा खाऊन टाकतो, असं भिलानं समजावलं होतं. दोन वर्षं सुखात गेली. मग दोधू पाटील गेले.

आणि या वर्षी कूलरचं कार्ड दोनदा जळालं. एकदा जेठात, एकदा भादव्याच्या सुरुवातीला. दोन्ही वेळा आभाळ कडाडलं, गावाच्या विजेच्या डीपीवर उजेड पडला, आणि कूलरच्या पोटातलं ते हिरवं कार्ड काळं पडून वास सुटला. दोन्ही वेळा तीनशे लिटर दूध नासलं. दोन्ही वेळा खिडकी हिरवीच्या हिरवी. कंपनीचा साहेब आला, चहा घेतला, फार गोड बोलला. बाई, तुमच्याइतकं चोख दूध आम्हाला कुठे मिळत नाही, म्हणाला. पण तिसऱ्यांदा कार्ड गेलं तर वरचे लोक ऐकणार नाहीत, कूलर उचलून दुसऱ्या गावाला द्यावा लागेल.

कूलर गेला म्हणजे डेअरी गेली. मग बेचाळीस घरांचं दूध त्या मोटारसायकलवाल्या व्यापाऱ्याकडे जाणार, जो किटलीत नजर टाकून फॅट सांगतो. गल्लीतल्या रूपालीनं तर त्या रात्रीचं जेवणच सोडलं होतं. तिच्या एका म्हशीवर तिची दोन लेकरं शाळेत होती. भिकुबाई तिला म्हणाली होती की मी बसली आहे ना, काळजी कशाला करतेस. म्हणताना तिचा स्वतःचा जीव थाऱ्यावर नव्हता.

म्हणून ती हेमकांतच्या मागे बसून नंदुरबारला गेली. दुकानदारासमोर जुन्या डब्याचा आकडा सांगितला: चाळीस. आता साठवाला द्या, म्हणाली. दुकानदारानं दिला. भिलानं जुना काढला, नवा बसवला. नव्याचीही खिडकी हिरवी. भिकुबाईला वाटलं, झालं. म्हशीला दोरी तुटली तर जाड दोरी बांधायची, यात शिकायचं काय?

आणि त्याच साठच्या डब्यापुढे उभं राहून सून बैलाची गोष्ट सांगत होती.

भिकुबाई त्या दिवशी गप्प राहिली, म्हणजे फार काही बोलली नाही. एवढंच म्हणाली की हा डबा भिलाभाऊनं बसवलाय, ज्याला या कामात चाळीस पावसाळे झाले. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून तो खांबावर चढतोय. दिपाली खाली मान घालून म्हणाली की काकांच्या हाताबद्दल मी काही म्हणत नाही. आणि तेवढ्यात वर बघून पुढचं म्हणालीच. डब्यावर आकडे दोन असतात. एक आकडा सांगतो, डबा किती मोठा झटका झेलू शकतो. दुसरा सांगतो, झेलून झाल्यावर किती पुढे जाऊ देतो. पहिला मोठा हवा, दुसरा लहान हवा. जुन्या डब्यावर दुसरा आकडा दीड होता, नव्यावर अडीच आहे.

भिकुबाईनं ऐकलं नाही असं दाखवलं. पण दुपारी मिरची चाळायला बसली तेव्हा हात थांबला. चाळण केवढी मोठी आहे, तिच्यात एका वेळी किती तिखट मावतं, ही एक गोष्ट. आणि तिची जाळी किती बारीक आहे, खाली काय पडतं, ही दुसरी. ती नंदुरबारहून मोठी चाळण घेऊन आली होती, जाड जाळीची. बी, देठ सगळं खाली. कळलं तेव्हा तिला नाकातोंडात तिखट गेल्यासारखं झालं, आणि ते खरंच गेलंही होतं. खोकत खोकत तिनं चाळण बाजूला सारली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला, सुनेला?

आश्विन लागला. परतीचा पाऊस गावावर घिरट्या घालायला लागला. दुपारी तीन वाजले की तळोद्याच्या बाजूनं आभाळ निळंकाळं व्हायचं, सातपुड्याकडून गडगड यायची, आणि भिकुबाईचे पाय आपोआप कूलरच्या खोलीकडे वळायचे. ती खिडकी बघायची. हिरवी. कूलरच्या अंगावर तळहात ठेवायची. थंड, घुमतोय. परत ओसरीवर यायची, परत जायची. हेमकांत म्हणाला, आई, तू नुसती येरझार घालून वीज थांबणार आहे का? ती म्हणाली, तू बसलास म्हणून थांबते का मग?

अशातच एका सकाळी दूध आटोपलं आणि दिपाली घरात नव्हती. हेमकांतला विचारलं तर तो शर्टाच्या बटणाशी बोलल्यासारखा बोलला. खांडबाऱ्याला गेली, म्हणाला, गाडीनं, संध्याकाळी येईल. सासूला न विचारता माहेरी. भिकुबाईनं ते दुपारभर दाताखाली धरून ठेवलं. दिपाली संध्याकाळी आली ती हातात पिवळी पेटी घेऊन. तिचा भाऊ कुंदन ठेकेदाराकडे काम करतो, त्याची आहे, म्हणाली, दोन दिवसांसाठी आणली. अर्थिंग जमिनीत नीट उतरतंय का, ते मोजायचं यंत्र आहे.

"तू कोनले इचारीसन गयी?" भिकुबाईनं विचारलं.

दिपालीनं पेटी खाली ठेवली. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणाली. सरळ. ना आवाज चढवून, ना रडून. त्या सरळपणाचाच भिकुबाईला राग आला, कारण उत्तर खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिला आला. बोलावलं होतं भिकुबाईनंच, सुनेला चार शब्द ऐकवायला. सत्तरी गाठलेला माणूस, एका बोटाचं टोक विजेनं नेलेलं, डोक्यावर टोपी. पिवळी पेटी उघडलेली पाहिली आणि तो उंबऱ्यावरच थांबला.

"मन्हा शब्दवर तुमना भरोसा नही का, वहिनी?" तो म्हणाला.

भिकुबाईच्या ओठावर उत्तर आलं होतं. बारा वर्षं रोज दोनदा म्हटलेलं, ते आपोआप येतंच. तोंडनं फॅट लागत नही. ओठापर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं. गिळताना कळलं की आपण कुणाची भाषा गिळतोय. बायांच्या घोळक्यात रूपाली उभी होती, तिनंही ते ओळखलं असावं, कारण ती पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागली.

"भरोसा शे," भिकुबाई म्हणाली. "मोजू द्या तिले. मोजाथून कोनी लहान नही होत."

भिला खाटेवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

दिपालीनं आधी मेन बंद केला. अर्थिंगची तार पाटीवरून सोडवली. पेटीतून दोन लोखंडी खिळे काढले, हातभर लांबीचे. एक कुंपणाजवळ ठोकला, दुसरा त्याच रेषेत पलीकडे कपाशीच्या तासात. तिथून वायरी सोडत आली, तेव्हा साडीच्या निऱ्यांना कपाशीची पानं चिकटली होती. भिकुबाईनं ते पाहिलं आणि पोरगी काम करताना साडीकडे बघत नाही, एवढं मनातल्या मनात लिहून ठेवलं. बटण दाबलं. आकडा आला. भिकुबाईला आकडे वाचायला कुणाची गरज नव्हती.

एकशे नव्वद.

किती हवा, तिनं विचारलं. पाचाच्या आत, दिपाली म्हणाली, फार तर दहा.

भिला ताडकन उठला. त्यानं स्वतः खिळे उपटून दुसरीकडे ठोकले, वायरी स्वतः जोडल्या, बटण स्वतः दाबलं. एकशे सत्त्याऐंशी. तो हळूच म्हणाला की मी खड्डा केला तेव्हा ठेकेदाराच्या माणसानं मोजला होता, तीन आला होता. दोधू माझ्याबरोबर उभा होता. आज तो सांगायला नाही, पण तीन होता.

दिपाली म्हणाली की काका, तुम्ही खरं सांगता यात शंका नाही. डबा चांगला, वायरिंग चांगली. पण डबा झटका खात नाही. खाऊन ठेवणार कुठे? तो फक्त दार उघडतो आणि झटक्याला जमिनीत वाट दाखवतो. "दार उघडं करीसन काय उपेग? बाहेर जावाले वाटच नही." म्हणून खिडकी हिरवी राहिली. त्याच्या अंगावरून कधी काही गेलंच नाही. जे काही आलं ते सगळं कूलरच्या कार्डात गेलं.

मग तिनं साधा प्रश्न विचारला. खड्डा कुठे आहे?

भिलानं भिकुबाईच्या पायांकडे बघितलं. बायांनीही बघितलं. भिकुबाई ओट्यावर उभी होती.

ओटा तिनंच बांधला होता. मालकांच्या वर्षश्राद्धाला, दोन वर्षांमागे. कूलरच्या भिंतीलगत चिखल व्हायचा, किटल्या राड्यात ठेवाव्या लागायच्या, म्हणून लांबरुंद सिमेंटचा ओटा, वर घोटून गुळगुळीत केलेला, आणि कडेला पांढऱ्या फरशीवर काळ्या अक्षरांत कोरलेलं: कै. दोधू पाटील यांच्या स्मरणार्थ. गावात कुणाच्या नावाची डेअरीत अशी पाटी नव्हती. ओट्याला उतार दिला होता, धुण्याचं पाणी सरळ गटारीत जायला.

आणि आता तिला ते आठवलं, ते असं आठवलं की पाय उचलावासा वाटला. मालक होते तेव्हा किटल्या विसळलेलं पाणी कधी गटारीत गेलं नाही. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, ते बादली उचलून भिंतीलगत त्या एकाच जागी ओतायचे. तिथंच चिखल व्हायचा. ती त्यांना म्हणायची, काय त्या एका जागेला पाणी घालता, तिथं काय आंबा लावलाय? ते नुसते हसायचे, म्हणायचे, जमिनीला तहान लागते भिकू. तिला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे.

"मी तुमले तव्हय सांगेल व्हतं," भिला म्हणाला. आवाजात दोष नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. ओटा ओतायच्या दिवशी तो आला होता. खड्डा मोकळा ठेवा, म्हणाला होता. भिकुबाईनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं की मी माझ्या मालकाच्या नावाचा ओटा बांधू की तुझ्या खड्ड्याची पूजा करू? मग तो कशाला परत बोलणार? भिकुबाईच्या तोंडाला लागायला गावात कुणाला हौस नव्हती.

त्या दिवशी कुणी काही ठरवलं नाही. भिला चहा न घेता गेला. दिपालीनं वायरी गुंडाळल्या. संध्याकाळी आभाळ आलं, गडगडलं, दोन टपोरे थेंब टाकून नंदुरबारकडे निघून गेलं. भिकुबाई ओट्याच्या कडेला बसून होती. फरशीवरच्या नावावरून बोट फिरवत होती. अक्षरं ओळखीची. तिला वाचता येणाऱ्या थोड्या शब्दांपैकी ते एक नाव. हेमकांत येऊन म्हणाला की आई, ओटा राहू दे, आपण दुसऱ्या कोपऱ्यात नवा खड्डा घेऊ. दिपालीलाही विचारलंय, चालेल म्हणते, पण नव्या खड्ड्याला लांबची तार लागते, आणि तार जितकी लांब तितकी वाट वाकडी. जवळचा आहे तोच उत्तम.

म्हणजे ती चालेल म्हणते, पण उत्तम म्हणत नाही, भिकुबाईनं विचारलं.

हेमकांत म्हणाला, ती तशीच आहे.

सकाळचं दूध घेऊन झालं. बाया किटल्या घेऊन निघायच्या बेतात होत्या. भिकुबाई आत गेली, गोठ्यातली पहार घेऊन आली, आणि साठी उलटलेल्या बाईनं ओट्याच्या मधोमध पहिला घाव घातला. सिमेंट फुटलं नाही, पहार नुसती उडाली. दुसरा घाव. दिपाली धावत आली आणि पहारेला हात लावणार तेवढ्यात भिकुबाई म्हणाली की आधी ती फरशी अख्खी काढ. नाव फुटलं तर तुझी गाठ माझ्याशी आहे. दिपालीनं छिन्नी-हातोडी आणली, कडेकडेनं, बाळाच्या अंगावरची पट्टी काढावी तशी फरशी सोडवली आणि भिंतीला टेकून उभी केली. मग हेमकांतनं पहार घेतली.

दुपारपर्यंत खड्डा उघडा झाला. भिलाला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपणच आला. पाईप गंजून पोखरला होता, कोळसा कोरडा राखेसारखा, माती उकरली तर धूळ उडाली. दोन हातांवर कपाशीला पाणी चाललेलं, आणि इथं ओट्याखाली वैशाख. भिलानं टोपी काढून ठेवली आणि खड्ड्यात उतरला. नवा पाईप, नवी तार, कोळसा, मीठ, थर लावून. दिपाली वरून देत होती, तो आत मांडत होता. मध्येच तो तिला विचारायला लागला की कारखान्यात कसं करता तुम्ही, आणि ती त्याला विचारायला लागली की काका, ही माती काळी आहे, मीठ किती. दोघांच्या बोलण्यात भिकुबाईला जागा राहिली नाही. ती बादली भरून आणायची आणि ओतायची.

जुना चाळीसचा डबा दिपालीनं फेकू दिला नव्हता, ठेवून दिला होता. तो ती परत लावणार होती, पण आधी त्याचीही परीक्षा. दुसरं एक मीटर काढलं. म्हणाली, याला आधी अडीचशे व्होल्टचा दाब देते, तेव्हा यानं तोंड मिटून बसायला हवं. मग हजारचा देते, तेव्हा तोंड उघडायला हवं. नेहमीच्या लाईनीला बोलला तरी वाया गेला, आणि मोठ्या झटक्याला गप्प बसला तरी वाया गेला. तिनं दाब दिला. अडीचशेला डबा मिटून राहिला. हजारला उघडला. दोन्ही वेळा काटा सांगितल्याप्रमाणे. मग साठचा उतरवून तिनं तो पाटीवर चढवला.

भिकुबाई म्हणाली की कुठे गप्प बसावं आणि कुठे बोलावं हे या डब्याला कळतं, माणसांना का कळत नाही कोण जाणे. ती बघत होती दिपालीकडे. भिला खड्ड्यातून हसला. हसताना तो बघत होता भिकुबाईकडे. तिला ते दिसलं, तिनं दिसलं नाही असं केलं.

पुन्हा खिळे कपाशीत गेले. बटण दाबलं. भिकुबाईनं आकडा वाचला तो मोठ्यानं, दूध घेताना वाचते तसा: चार.

त्यानंतरचे चार दिवस ती जास्तच अस्वस्थ होती. आधी भीती होती की काही बिघडलेलं आहे. आता सगळं नीट केलं होतं, तरी जळालं तर दोष ढकलायला कुणी उरला नव्हता. ओटा फुटलेला, अंगणात चिखल, किटल्या परत राड्यात, आणि मालकांचं नाव भिंतीला टेकून उभं. ती रोज दोनदा बादली उचलून खड्ड्यात पाणी ओतायची. बाया बघायच्या. रूपालीनं एकदा विचारलं की भिकूमाय, काय लावलंय तिथं? भिकुबाई म्हणाली, आंबा.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या दुधाच्या वेळी आभाळ फाटलं. पाऊस कमी, वारा जास्त, आणि विजा अशा की गायी दावं तोडायला बघत होत्या. ओसरीवर तीस-पस्तीस बाया अडकलेल्या, भिला आणि हेमकांतही. कूलरमध्ये साडेतीनशे लिटर. भिकुबाई रूपालीच्या दुधाचं फॅट बघत होती, तेवढ्यात डीपीच्या दिशेला पांढरा लख्ख उजेड पडला आणि आवाज त्याच्याबरोबरच आला, मागून नाही. मशीनचा आकडा विझला. कूलर थांबला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. गल्लीतून कुणाच्या तरी टीव्हीचा जळका वास आला.

कुणी हललं नाही. दिपाली एकटी आत गेली. तिनं मेन पाडला, लाईट येईपर्यंत तसाच ठेवायचा म्हणाली, आणि टॉर्च धरून पाटीपुढे उभी राहिली. भिकुबाई मागून गेली. दारात थांबली.

खिडकी लाल होती.

भिकुबाईनं ती दारातूनच पाहिली. तिनं चौकट धरली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आकडा विचारायचा धीर झाला नाही. दिपालीनं मागे वळून तिचा चेहरा बघितला आणि डब्यावर बोट ठेवून म्हणाली की आत्याबाई, हा मेला. पण आज पहिल्यांदा काम करून मेला. हा बदलायचा, एवढंच. कूलरचं काय ते लाईट आल्यावर बघू.

लाईट यायला घटका गेली. त्या घटकेत भिकुबाई नाकानं वास घेत राहिली. जळक्या कार्डाचा वास तिला दोनदा आलेला, तिसऱ्यांदा तो ओळखायला मीटर नको होतं. वास नव्हता. गल्लीत उजेड झाला. दिपालीनं आधी मीटर लावून लाईन पाहिली, मग उतरवून ठेवलेला साठचा डबा आणला आणि लाल खिडकीच्या जागी तात्पुरता बसवला. जाड जाळीची चाळण, पण आजच्या दिवसाला चालेल, म्हणाली. भिकुबाईनं चमकून बघितलं. तो चाळणीचा विचार तिनं कुणाला सांगितलाच नव्हता. पोरीलाही तोच सुचला होता.

मेन चढवला. एक क्षण काही नाही. मग कूलरनं खाकरल्यासारखं केलं आणि घुमायला लागला.

ओसरीवर रूपाली रडली, मग स्वतःच्या रडण्याला हसली. बाया बोलायला लागल्या, एकदम सगळ्या. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा पंखा, कुणाच्या घराला अर्थिंग आहे, कुणाच्या नाही. दिपाली मेलेला डबा पदराला पुसत बाहेर आली, आणि बायांनी तिला घेरलं. आमच्याकडे पण येऊन मोज, सूनबाई. आमच्याकडे पण. दिपालीनं सासूकडे बघितलं. परवानगी मागायची तिची ही पहिलीच वेळ होती.

भिकुबाईनं तिच्या हातातून तो डबा घेतला. लाल खिडकी उजेडाकडे धरून बघितली. मग बायांमध्ये, भिलाच्या, हेमकांतच्या देखत, दूध वाचते त्या आवाजात तिनं सुनेला सांगितलं,

"कोनाच शब्दवर तुन्हा भरोसा नही. खोड वाईट शे, मी पहिलेबी सांगं, आजबी सांगस. पन आते ती खोड सोडशी, त मन्हाशी गाठ शे."